कुरोसेच्या तोंडाशी किनुयोमावशी

किनुयोमावशी माझ्या आईची थोरली बहीण, जन्म कुरोसेचा. जपानमधल्या गोतो बेटांच्या पार पश्चिमेला, तिन्ही बाजूंनी कडे असलेल्या त्या लहानशा खाडीत पूर्वी एकोणीस घरं होती. रस्ता कधी झालाच नाही. शाळा बंद पडली, तशी माणसं बंदराच्या गावात आली. थडगी तेवढी मागे राहिली. म्हणून दर ऑगस्टला, पितरांच्या दिवसांत, लाँच ठरवून आम्ही जातो.

एका वर्षी तांडेल नवा होता, तात्सुमी. खाडीच्या तोंडाशी पोचलो तर वारा फिरलेला, खडकांवर फेस उसळतोय. त्याने लाँच थांबवली.

"परत जाऊ. आत शिरायला वाटच दिसत नाही."

मांडीवर फुलं घेऊन म्हातारी माणसं तशीच बसून राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी मात्र उठून त्याच्याशेजारी उभी राहिली.

"आजी, खाली बसा! लाटा बघताय ना?"

"लाटा तू बघ. मी खडक बघते."

"कधी लाँच चालवलीय?"

"होडी वल्हवलीय. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा तेरा वर्षांची होते. पुढची नऊ वर्षं याच तोंडातून ये-जा केली."

मागून कुरोसेचाच ओसामू ओरडला, "ऐक रे तिचं! माझ्या जन्माच्या वेळी सुईण हिनेच आणली. समुद्र याहून वाईट होता."

"आणि तेव्हापासून तुझं रडणं थांबलेलं नाही," मावशी म्हणाली. मग तात्सुमीकडे वळून म्हणाली, "हे बघ, जमणार नसेल तर मीच सांगेन, फिरव म्हणून. तोवर माझं ऐक."

त्याने मान डोलावली.

"सुळक्यावरचं पाइनचं झाड आणि देवळाची कमान एका रेषेत धर. थांब. मोठ्या तीन लाटा जाऊ देत... आता! इंजिन ढिलं सोडू नकोस. डावीकडे. अजून. बास!"

दोन्ही बाजूंना काळे खडक इतके जवळून गेले की त्यांवरचे शिंपले मोजता आले असते. आणि पुढच्याच क्षणी आम्ही आत होतो. पाणी शांत, हिरवं, तळातली वाळू दिसणारं. कुणीतरी रडू लागलं. यावेळी तो ओसामू नव्हता.

आम्ही थडगी धुतली, फुलं वाहिली, भाताचे गोळे खाल्ले. तात्सुमी वही घेऊन मावशीपाशी बसला आणि एकेक खूण विचारून लिहू लागला. दुसऱ्या वर्षी निघताना त्याने सगळ्यांना बजावलं, "पुढची जागा किनुयोबाईंची. तिथे कुणी बसायचं नाही."

मावशी पदवी मिळाल्यासारखी ताठ बसली. खरं सांगते, तिच्याहून ताठ मी बसले होते.