दोराची दुसरी बाजू

वडील सायकल घेऊन शाळेत शिकवायला निघाले होते. वळणावर ट्रकवरून ज्वारीचं पोतं त्यांच्या अंगावर पडलं. दुपारी ते गेले.

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापुरात, बार्शी रस्त्याला राहत होतो. घरापासून थोड्या अंतरावर जकात नाका होता. बार्शीहून धान्याचे ट्रक येत, तेव्हा नाक्यावरचा कारकून माल पाही. त्यासाठी ड्रायव्हरला दोर सोडून ताडपत्री उचलावी लागे. पुढे बाजार जवळच, मधे ते एक वळण. तिथे दोर पुन्हा सोडायचाच. म्हणून बहुतेक जण एकच बाजू बांधून निघत. आम्ही हे रोज पाहत होतो. त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटलं नाही. वडिलांनाही वाटलं नसावं.

आम्ही ट्रकमालकावर दावा लावला. त्याच्या वकिलांनी सांगितलं, ट्रकने कोणाला धक्का दिलेलाच नाही. पोती हमालांनी रचली. शिवाय सायकलवाला वळणावर ट्रकला खेटून चालला होता.

हे शेवटचं आईच्या मनाला लागलं. वळण आलं की वडील सायकलवरून उतरत. शेजारी थट्टा करत, "मास्तर, सायकल तुम्हाला नेते की तुम्ही सायकलीला?" वडील हसून चालू लागत. त्या दिवशी कोर्टातून घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "हे खेटून जातील?" नुकसानभरपाईबद्दल तिने वकिलांना कधी विचारलं नाही. हे एक मात्र ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

पुढच्या तारखेला बार्शीच्या हमालांचा मुकादम साक्षीला आला. मालकाचे वकील त्याच्यावर घसरले तसा तो म्हणाला, "आमी आवळून दिलं हुतं. नाक्यापातुर एक पोतं हाललं न्हाय. नाक्यावर कुणी सोडलं, त्येला इचारा की!"

मग ड्रायव्हर उभा राहिला. आमच्या वकिलांनी विचारलं, दुसरी बाजू का बांधली नाही?

"बाजार हितंच तर हाय, साहेब. सोडायचाच की दोर. समदे तसंच करत्यात."

"आणि सायकल खेटून चालली होती?"

तो मालकाकडे बघत राहिला. मालकाने मान वळवली.

"न्हाय. मास्तर खाली उतरून कडेला उभे हुते. मलाच वाट दिली त्यांनी."

आईने पदर तोंडाला लावला.

निकाल आमच्या बाजूने लागला. माल नीट बांधून नेणं हे ड्रायव्हरचं काम, आणि ड्रायव्हर मालकाच्या कामावर; म्हणून जबाबदारी मालकाची. सायकलस्वाराचा दोष नाही.

ड्रायव्हरला मालकाने कधीच काढून टाकलं होतं. तरी निकालाच्या दिवशी तो आला होता. जिन्यापाशी त्याने हात जोडले. "बाई, चुकलं माजं."

आई थांबली. "दुसरी बाजू बांधायची होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

"व्हय," तो म्हणाला.

तो नाका आता नाही. आईही नाही. सायकल कोणाला दिली ते मला आठवत नाही. वडील उतरून कडेला उभे होते, एवढं आमच्याकडे आहे.