गुलाबी रेघ

आटपाडीच्या स्टँडजवळचा तो फ्लेक्सवाला चूक कधी स्वतःवर घेत नसे. "सॉफ्टवेअरच येडं हाय," म्हणायचा आणि गिऱ्हाइकाला न विचारता नको ते पुसून टाकायचा.

माझ्या भावाच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर फोटोखाली सारखी एक गुलाबी रेघ दिसत होती. त्यानं सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. शेवटी स्क्रीनवरचे सगळे रंग घालवून आकारांच्या नुसत्या कडा पाहिल्या, तेव्हा कळलं. गेल्या वर्षीच्याच फाईलवर त्यानं पांढरा चौकोन टाकून काम भागवलं होतं. चौकोनाखाली भावाच्या वाढदिवसाच्या गुलाबी शुभेच्छा तशाच होत्या; त्यांचीच कड बाहेर डोकावत होती.

"सॉफ्टवेअरचं काय न्हाई. मीच झाकलं हुतं," तो पुटपुटला. डिलीटवर बोट ठेवून थांबला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पुसू का?"