वीजघराच्या जागेवरचे पैंजण

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी कायम टिंगल केलीय. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... आणि लाजेचं कारण तेवढंच नाही.

कोल्हापूरच्या कडेला पूर्वी डिझेलवर चालणारं एक वीजघर होतं. ते बंद पडलं, पाडलं, आणि त्या जागेवर आता आमची स्कीम उभी आहे. आमची म्हणजे — मी तिथले फ्लॅट विकतो, आणि राहतोही तिथेच, तळमजल्यावर. ‘तेल मुरलेली माती सगळी बदललीय, रिपोर्ट क्लीन आहे’ हे वाक्य मला झोपेतही म्हणता येईल.

पोरीचा पहिला वाढदिवस होता. बायकोचा धाकटा भाऊ सुनील हुपरीचा, घरीच चांदीचं काम करतो. भाचीसाठी स्वतः घडवलेले पैंजण घेऊन आला. पोर ते घालून घरभर दुडुदुडु फिरली, आणि जेवायला बसेपर्यंत पैंजण काळेकुट्ट! बायकोची जोडवी, देवघरातलं निरांजन, बाकी सगळी चांदी मात्र जशीच्या तशी.

पाहुण्यांसमोर मी बोलून गेलो, “चांदी म्हणून काय घातलंस रं पोरीच्या पायात?”

सुनील ताटावरून उठला. “दाजी, भाचीच्या पायात खोटं घालीन व्हय मी?” एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

माझीही खुमखुमी काही कमी नव्हती. बायकोला आणि पोरीला गाडीत घातलं आणि निघालो हुपरीला — तिथल्याच एखाद्या दुकानात चांदी तपासून त्याचं तोंड बंद करायला. वाटेतलं गडमुडशिंगी गाव मागे पडलं तशी बायको ओरडली, “अहो, बघा की हिकडं!” पैंजण पांढरेशुभ्र. कुणी हातसुद्धा लावला नव्हता...

तसाच सुनीलच्या दारात गेलो. मान वर होईना. चुकलो म्हणालो. त्याने पैंजण उलटसुलट करून पाहिले.

“चांदी काळी पडती, दाजी. पण आपली आपण पांढरी झाल्याली कधी बघितली न्हाय.”

परत आलो. स्कीमच्या गेटातून गाडी आत शिरली आणि आमच्या डोळ्यांदेखत पैंजण पुन्हा काळे पडत गेले. बायको गाडीतून उतरलीच नाही. ती आणि पोर आता हुपरीलाच असतात.

मी खटपट करून पुन्हा तपासणी करून घेतली. माती स्वच्छ, हवा स्वच्छ. मग ते काय होतं? आजही मला सांगता येत नाही.

नोकरी तीच आहे. सुट्टीच्या दिवशी लोक पोराबाळांना घेऊन सँपल फ्लॅट बघायला येतात. माझी नजर आधी लहानग्यांच्या पायांकडे जाते... आणि मग मी हसून म्हणतो, “या पावणं, बाल्कनी बघा. माती सगळी बदललीय.”