सोवळ्यातले पाय

कुंभकोणममधल्या मराठी माध्व घरांत श्राद्धाचा स्वयंपाक म्हटला की जयलक्ष्मीकाकूंना बोलावणं यायचं. ओल्या नेसणीचं कडक सोवळं; चुलीपाशी असेपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. त्यांचे पाय लटपटू लागले, तरी त्यामुळे कोणाच्या हाताला ते कळलं नाही. मग एका श्राद्धाला उकळतं सार पावलावर सांडलं आणि त्या वाढतच राहिल्या. संध्याकाळी मुलीनं, रक्षानं, फोड दाखवला तेव्हा काकू गारठल्या. भाजलेलं कळलंच नव्हतं.

तंजावरला स्कॅन झालं. मज्जारज्जूच्या आतच चरबीची गाठ होती. कॅन्सर नव्हे, बहुतेक जन्मापासूनची, डॉक्टर म्हणाले. पण आता ती रज्जूला दाबत होती. थांबलं तर पाय जातील, लघवीवरचा ताबाही. मणक्याचं हाड उघडून गाठीचा मधला भाग तेवढा काढता येईल. कडेची चरबी रज्जूत मिसळलेली. ती ओढायला गेलं तर पाय टेबलावरच जायचे. गेलेली ताकद परत येईलच असंही नाही.

काकूंनी घरी येऊन तूप सोडलं, मग रात्रीचा भात. चरबीच आहे, उपासानं वितळेल. शस्त्रक्रियेची तारीख त्या पुढे ढकलत राहिल्या. नवरा, बदरीनाथ, म्हणाले, वितळले ते तुझे गालच.

एका द्वादशीला पारण्याचा स्वयंपाक करताना त्यांचे गुडघे दुमडले. रक्षा धावली.

"शिवू नको!"

सवयीनं निघून गेलं तोंडातून. रक्षा सवयीनंच थबकली आणि काकू आदळल्या. फरशीवर काहीतरी पसरत होतं. ते आपल्याच अंगातलं आहे, हे त्यांना वासावरून समजलं.

बदरीनाथ दारात आले. त्यांच्याकडे न बघता काकू म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांना फोन करा. मिळेल ती तारीख घ्या."

शस्त्रक्रियेनंतर शुद्ध आली तेव्हा डॉक्टर पायांशी उभे होते. डावा अंगठा हलला. उजवा नाही.

"सूज उतरू दे, अम्मा. आत्ताच काही सांगता येत नाही."

रक्षा म्हणाली, डोळे मिट गे जरा. काकूंनी मिटले नाहीत. आपण मिटायचे आणि नेमका तेव्हाच तो हलायचा. त्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.