देवाच्या बैलाची विहीर

फुलचंद घण मारायचा तेव्हा पहार धरणाऱ्याला भीती वाटायची नाही. विहीर खोदणाऱ्याबद्दल याहून मोठं काही सांगता येत नाही. घण चुकला तर मनगट जातं. माझी दोन्ही मनगटं शाबूत आहेत.

तो मेडशीजवळच्या तांड्यावरचा बंजारा, मी मेडशीचा. अनसिंगपासून कारंज्यापर्यंत आम्ही जोडीनं विहिरी खोदल्या. दुसऱ्यांच्या मळ्यांत त्यानं पुष्कळ पाणी काढून दिलं. त्याच्या तांड्यावर मात्र विहीर नव्हती. बाया नाल्यात उतरायच्या, वाळूत झिरा उकरायच्या, वाटीवाटीनं घागर भरायच्या आणि दरड चढून वर यायच्या. एका उन्हाळ्यात त्याची बायको हिरीबाई त्या दरडीवर भरल्या घागरीसकट पडली. पोटातलं मूल गेलं.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. फुलचंद तांड्याच्या नायकाकडे, गोविंदसिंगाकडे गेला. म्हणाला, "जागा दे. खोदतो मी. हिरी यंदा नाल्यात उतरणार नाई."

नायकानं जागा दिली. दिवाळी झाल्यावर आम्ही हात घातला.

वर मुरूम होता, तो लवकर निघाला. मग काळा दगड. काळ्या दगडात सुरुंगाचं भोक पाडायचं म्हणजे एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा. दर घावाला पहार थोडी फिरवावी लागते, नाहीतर ती अडकते. भोकात पाणी टाकायचं, आतला चिखल काढायचा, पुन्हा घाव. दारू ठासायची, वात पेटवायची आणि दोर धरून वर यायचं. बार झाल्यावर फुटलेला दगड टोपल्यानं वर ओढायचा. हे काम सगळ्यांत जड, आणि त्याचं कोणी नाव काढत नाही. तांड्यातली माणसं पाळीपाळीनं ओढायला यायची.

माघात काळा दगड संपला आणि हिरवट माती लागली. दोन दगडांच्या मध्ये असा थर कधीकधी लागतो. त्या थरात, विहिरीच्या भिंतीला, फुलचंदची पहार कशावर तरी वाजली. त्यानं बोटांनी माती सोडवली. माझ्या मांडीहून जाड हाड होतं. वजन दगडाचं, आवाज दगडाचा, आकार मात्र हाडाचा. एक टोक भिंतीत आत गेलेलं.

आमच्याकडे विहिरीत हाड निघालं की विहीर बुजवतात. मी म्हटलं, "वर सांगू नको. फोड अन् टाक टोपल्यात."

"आपल्याच लोकाईले पाजाचं हाये," तो म्हणाला. "लपवून कसं पाजू?"

नायक स्वतः दोराला धरून खाली उतरला. हाडावरून हात फिरवून वर आला आणि म्हणाला, "हा आपला देवाचा बैल हाये."

जुन्या काळी बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. तांड्यापुढे एक बैल चालायचा. त्याच्यावर ओझं लादत नसत. शिंगांना लाल कापड, गळ्यात घंटा. तो बसेल तिथे मुक्काम. आजारी माणसाला त्याच्या पायाशी नेऊन बसवत. असाच एक बैल इथं पुरला असणार, असं नायकाचं म्हणणं.

मी विचारलं, "वर अखंड काळा दगड होता, नायक. त्याच्या खाली बैल कोणी पुरला?"

"देवाच्या बैलाले कुदळ लागते काय रे, मेडशीकर?"

सगळे हसले. मीही हसलो. विहीर वाचत होती.

पण हाडाला धक्का लावायचा नाही, सुरुंग उडवायचा नाही, असं ठरलं. मग हाडाची बाजू सोडून तळाचा अर्धा भाग आम्ही छिन्नीनं खाली नेला. थराखालचा दगडही काळाच. एका बारात जे होतं त्याला छिन्नीनं आठवडा जातो. फुलचंदच्या तळहातांची साल निघाली. तो चिंध्या बांधून यायचा, आणि संध्याकाळी त्या चिंध्या सोडवताना तोंड फिरवायचा. होळीच्या सुमाराला मातीच्या थरातून, हाडाच्या अगदी खालून, पाझर फुटला. सकाळी घागर बुडेल एवढं पाणी साचलं होतं.

पहिली घागर रामीबाईनं ओढली. ती तांड्यावरची सुईण. लहानथोर सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. "बैलानं पाजलं," ती म्हणाली. हिरीबाईची घागर त्या दिवसापासून अंगणातून विहिरीपर्यंतच जायला लागली.

चैत्रात दगडमातीची तपासणी करणारे एक सरकारी साहेब मेडशीला उतरले. नागपूरकडचे, मराठी बोलणारे. नायकानंच त्यांना हौसेनं बोलावून नेलं. साहेब खाली उतरले, पाझरात गुडघे टेकून बसले, चिखलानं भरून वर आले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"हा बैल नाही," ते म्हणाले. "माणूस जन्मायच्या फार आधीचा प्राणी आहे. सरडा, घोरपड यांच्यासारखा, पण घराएवढा."

"घोरपड?" रामीबाईनं विचारलं.

साहेबांनी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यात मागच्या पायांवर उभं असलेलं एक जनावर होतं, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं. "हा बघा असाच एक. अमेरिकेत, कॅनडात नदीकाठचे कडे ढासळतात, त्यांत याची हाडं मिळतात. दातांनी भरलेले जबडे मिळतात, कातडीचे ठसेसुद्धा मिळालेत. आपल्याकडे याची मिळालेली नाहीत. खालचं हाड कोणाचं ते मला इथं सांगता येणार नाही. या चोचवाल्याचं असेलच असं नाही."

ही शेवटची वाक्यं कोणी ऐकली नाहीत. चित्र हातोहात फिरत होतं.

"अवं, तोंड पाहा याचं, बदकावानी!"

"अन् याच्या मढ्यातलं पाणी पिऊन राह्यलो आपण."

रामीबाईनं भरलेली घागर जागेवरच उपडी केली.

फुलचंदनं साहेबांना बाभळीखाली नेलं. मी सोबत होतो. "साहेब, एक डाव म्हणा, का बैल होता. तुमचं काय जाते?"

"खोटं कसं सांगू, फुलचंद?"

"माही बायको दिवसांत हाये. तिले नाल्यावर जा लागते."

साहेबांनी सगळ्यांसमोर येऊन सांगितलं, की हाडाचा कधीच दगड झालाय, पाणी चांगलं आहे. आणि ओंजळभर प्यायले.

"तुमी उद्या मोटारीत बसून जासान," नायक गोविंदसिंग म्हणाला. "आमाले इथंच राहाचं हाये."

दुसऱ्या दिवसापासून बाया पुन्हा नाल्यात उतरू लागल्या. फुलचंद हिरीबाईला जाऊ देत नव्हता. स्वतः कावड घेऊन जायचा, मग मजुरीला उशीर व्हायचा, मग मजुरी मिळायची नाही. असं किती दिवस चालणार? एका सकाळी हिरीबाई दोर घेऊन विहिरीवर गेली. बाया नाल्याकडे निघालेल्याच होत्या.

"हिरे, पोराले चोच येईन!" रामीबाई ओरडली.

"येऊ दे, याडी. चोचीनं का होईना, श्वास तं घेईन. मागच्याले तोही नाई भेटला."

तिनं घागर ओढली आणि तिथंच प्यायली. फुलचंदनं दुसरी घागर सोडली.

त्यानंतर त्यांच्या घरी कोणी पाणी प्यायलं नाही, विस्तव मागितला नाही. फुलचंद काठावर बसून आत पाहायचा. सगळ्या तांड्याला पुरेल एवढं पाणी, आणि एकच घर भरत होतं. मजुरीत मोजली तर ती मेहनत कोणालाच परवडली नसती.

ज्येष्ठात हिरीबाई बाळंत झाली. सुईण दुसरी नव्हती, म्हणून रामीबाई आली. मुलगी झाली. नाळ कापायच्या आधी रामीबाईनं तिचं तोंड दाराकडे, उजेडाकडे केलं. माणसाचंच होतं. मग तिनं पोरीला धुवायला पाणी मागितलं. घरात विहिरीचंच पाणी होतं. तिचा हात घागरीवर थांबला.

"नाल्यावरून आणू का?" फुलचंदनं दारातून विचारलं.

"तवर पोरगी वाळून जाईन," रामीबाई म्हणाली आणि तिनं हात बुडवला.

पुढे ती स्वतःची घागर घेऊन विहिरीवर येऊ लागली. तिच्यामागून काही घरं आली. नायकाची आणि त्याच्या भावकीची आली नाहीत. बारशाला अर्धा तांडा होता, अर्धा नव्हता. होळीची जागाही पुढे वेगळी झाली. साहेब परत आले नाहीत. हाड पाण्याखालीच आहे.

फुलचंदनं नंतर विहीर खोदली नाही. कारंज्याच्या सडकेवर खडी फोडायला जायला लागला. मी विचारलं, "काहून? तुझा हात तं अजून पक्का हाये."

"सडकेखाली काय हाये, ते कोणी विचारत नाई," तो म्हणाला आणि घण उचलला.