पंचविसाव्या पोलाच्या पुढं

आमच्या वायरमनला सगळे मुंगळा म्हणायचे. पोलाला एकदा चिकटला की काम झाल्याशिवाय खाली उतरायचा नाही. वीस वर्षं त्यानं डोंगरावरची लाइन सांभाळली. कामचुकारपणातही तो तितकाच पटाईत होता, हे त्यानंच मला सांगितलेलं.

त्या दिवशी डोंगरापलीकडच्या वस्तीची लाइट गेली. जोडीदार तापानं आडवा. साहेबांचा फोन आला, "एकटा चढू नकोस." मग मुंगळ्यानं घरी आलेल्या मेव्हण्यालाच उठवलं. मेव्हणा शिंपी, मशीनवर बसून बसून पोट सुटलेला.

"चला पाहुणे, तेवढीच चरबी झडेल."

"दाजी, बाहेर धुकं बघा की जरा!"

बायको दारापर्यंत आली. "एकुलता एक भाऊ आहे माझा. नेताय तसा परत आणा."

खाली स्विच पाडून, लाइन बंद करून दोघं निघाले. अर्ध्या चढावर धुकं असं दाटलं की स्वतःचे पाय दिसेनात, वरची तार तर लांबच. मुंगळा बेफिकीर. त्याची रीत ठरलेली. एका पोलापासून साठ पावलं टाकायची, पुढचा पोल चाचपायचा, नाक टेकवून नंबर वाचायचा. एकवीस, बावीस, तेवीस. मेव्हणा मागून त्याचा कमरेचा पट्टा धरून चालत होता.

"चोवीस. डोळे बांधून नेईन तुम्हाला."

"बांधल्यातच जमा आहेत."

पंचवीस लागला. तो धरून मेव्हण्यानं दम खाल्ला, मग पुढं निघाले. चाळीस पावलं झाली असतील.

"दाजी, तुमच्या पोलानं शर्टाची वाट लावली. हात गंजानं लाल झालाय नुसता."

मुंगळ्याचा पाय उचललेला तसाच राहिला.

चालू लाइनच्या पोलांना त्यानं स्वतः उन्हाळ्यात रंग दिला होता. गंज फक्त जुन्यांना. दोन वर्षांमागं कडा घसरून जुना सव्विसावा पोल दरीत गेला, तेव्हा बाविसाव्यापासून लाइन डावीकडं वळवली आणि नव्या पोलांवर तेच आकडे घातले. जुन्यांवरचे खरवडून टाक, असं साहेबांनी बजावलं होतं. तिकडं कोण मरायला जातंय, म्हणून हा न जाताच 'खरवडले' म्हणून मोकळा झाला होता. आज धुक्यात पायांनी जुनी सवय धरली आणि बाविसाव्यापासून ते सरळ आले.

त्यानं पाय अलगद मागं घेतला. एक दगड सुटला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

"हलू नका. वळू नका. उलटं चालायचं, आलो तसं."

"का? काय झालं?"

"चाला म्हणतो ना!"

माती दाबली की खचत होती. मुंगळा मोजत होता. चाळीस झाली. मेव्हण्याचा हात मागं हवेतच फिरला.

"दाजी, पोल नाहीये."

या डोंगरावर पहिल्यांदाच आपण कुठं उभे आहोत ते मुंगळ्याला कळेना. बाजूला एक पाऊल टाकायची हिंमत होईना.

"उलटं पाऊल आखूड पडतं," मेव्हणा म्हणाला. मापाच्या माणसाला माप सुचलं. "अजून दहा-बारा टाकू. सरळच."

अकराव्याला त्याची पाठ लोखंडावर आदळली. दोघांनी पट्ट्यानं स्वतःला पोलाला बांधून घेतलं. तिथं मुंगळ्यानं सगळं कबूल केलं. मेव्हणा शिवी देईल असं वाटलं होतं. त्यानं नुसता पट्टा आणखी एक भोक आवळला, आणि तेच जास्त झोंबलं.

दुपारी चारच्या सुमाराला धुकं फाटलं. तीस पावलांवर जमिनीला वीतभर भेग पडली होती. ते दोघं ती ओलांडून पलीकडं उभे राहून आले होते. मेव्हणा बघता बघता ओकला. वस्ती त्या दिवशी अंधारातच राहिली.

घरी मुंगळ्यानं चपला काढायच्या आधी बायकोला खरं ते सांगितलं. तिनं भावाला आत नेलं, हात धुवायला गरम पाणी दिलं. मग परत दारात आली.

"साहेबांना फोन करा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं लावला. पलीकडं घंटी वाजत होती, तेवढा वेळ तो भिंतीला धरून उभा होता.