रंभाबाईची आठवी पायली

१५ जुलै १९७४ रोजी सानगडीच्या तुलाराम कापगत्यांनी भंडाऱ्याच्या एका कॉलेजच्या खिडकीत एकशे सदतीस रुपये पन्नास पैसे ठेवले आणि त्यांचा मुलगा गोपीचंद बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला लागला. खिडकीतल्या कारकुनाने पैसे दोनदा मोजले. तुलाराम हसून म्हणाले, "मोजा साहेब, तिनदा मोजा. माह्या मोजन्यात तूट येत नाही."

ही बढाई नव्हती. तुलाराम सानगडीच्या बाजारात मापारी होते. घरची दीड एकर धानाची शेती होती, पण गावात ओळख होती ती मापाची. बाजाराच्या दिवशी कोणी धान विकायला आणले की विकणारा आणि व्यापारी यांच्या मधोमध तुलाराम पायली घेऊन बसत. पायली भरायची, वरून तळहात फिरवून सपाट करायची, व्यापाऱ्याच्या ढिगावर ओतायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा म्हणायचा. पहिल्या पायलीला एक म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार. धान मोजताना पहिला शब्द शुभ निघावा, एवढाच त्याचा अर्थ. गोपीचंद बोलायला लागला तेव्हापासून त्याच्या तोंडी एक हा आकडा फक्त शाळेपुरता होता. बाकी सगळी मोजणी लाभापासून.

कॉलेजात पहिले दोन महिने बरे गेले. ठवरे सर यांत्रिकी शिकवत. त्यांचा आवाज बारीक, पण फळ्यावर आकृती काढायला लागले की मागच्या बाकावरची पोरेही गप्प होत. चंद्र आकाशात टांगलेला नाही, तो सारखा पृथ्वीकडे पडतो आहे, पण पुढेही इतक्या वेगाने चालला आहे की पडता पडता दर वेळी पृथ्वी चुकते, असे त्यांनी सांगितले त्या दिवशी गोपीचंद जेवण विसरून वैनगंगेच्या पुलावर जाऊन उभा राहिला. एक मोठा दगड आणि एक लहान दगड त्याने एकदम सोडून पाहिले. दोन्ही पाण्यात एकदमच बुडाले. सुट्टीत घरी गेल्यावर त्याने मायला सांगितले, तर माय म्हणाली, "चंद्र पडून राहिला म्हनते? मंग आपल्या घराच्या कवेलूवर नको पडू म्हनावं."

ऑक्टोबरात लंबकाचा प्रयोग आला. दोऱ्याला पितळी गोळी टांगायची, ती थोडी बाजूला नेऊन सोडायची, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे आणि त्यावरून गुरुत्वाचे मान, म्हणजे 'जी', काढायचे. गोपीचंदचा जोडीदार भैय्यालाल. त्याच्या बापाचे भंडाऱ्यात पितळी भांड्यांचे दुकान होते, त्यामुळे गोळी हातात घेतल्याबरोबर त्याने तिची किंमत सांगितली आणि ती किमतीला महाग आहे असेही सांगितले. घड्याळ त्याने धरले. मोजायचे काम गोपीचंदकडे.

गोळी झुलायला लागली. ती मधल्या खुणेवरून गेल्याबरोबर गोपीचंदने "लाभ!" म्हटले आणि भैय्यालालने घड्याळ सुरू केले. एक फेरी पुरी करून गोळी त्याच खुणेवर आली तेव्हा गोपीचंद म्हणाला, "दोन!" पुढे तीन, चार. शेजारच्या टेबलावरची पोरे थांबली. कोणीतरी खुसखुसले. वीसपर्यंत पोचेपर्यंत अर्धी प्रयोगशाळा भोवती उभी होती.

"काहून बे, लंबक मोजून राहिला का तांदूळ?" एकाने विचारले.

"अरे, ह्याले पोतं द्या रे कोनी!"

गणित केले तर जी आले एक हजार शहाऐंशी. पुस्तकात नऊशे ऐंशीच्या आसपास. भैय्यालालने कपाळाला हात लावला. "लेका, तुह्या गावात पृथ्वी जास्त ओढते का?"

ठवरे सर आले. ते हसले नाहीत. त्यांनी गोपीचंदला पुन्हा मोजायला लावले, ऐकले आणि म्हणाले, "घड्याळ सुरू झालं तेव्हा किती आंदोलनं पुरी झाली होती? एकही नाही. मग तिथं शून्य म्हणायचं. तू वीस म्हणतोस तेव्हा एकोणीसच झालेली असतात." मग सगळ्या वर्गाला म्हणाले, "चूक दोन तऱ्हेची असते. हात थरथरला तर आकडा कधी जास्त येतो, कधी कमी. दहादा मोजून सरासरी काढली की ती चूक निघून जाते. पण मोजणाऱ्याच्या सवयीतच चूक असेल, तर शंभरदा मोजा, ती तेवढीच राहते."

गोपीचंदने शून्यापासून मोजले. जी आले नऊशे अठ्ठ्याहत्तर. पण त्या दिवसापासून त्याचे नाव 'लाभ' पडले. "काय लाभ, जेवला का?" "लाभभाऊ, दोन कुठं गेले?" मेसमध्ये वाढणारी बाईसुद्धा पहिली पोळी टाकताना लाभ म्हणू लागली. गोपीचंद वरवर हसे. खोलीत आल्यावर दोऱ्याला खडा बांधून खिडकीला टांगे आणि पुटपुटत बसे, शून्य, एक, दोन. जिन्याच्या पायऱ्या शून्यापासून मोजे. बापाचा तो शब्द जिभेवरून खरवडून काढायचा, एवढेच त्याच्या मनात होते. लाभ हा शब्द आपण कोणत्या घरातून आलो ते सांगतो, असे त्याला वाटू लागले होते. आणि ते कोणाला कळू नये असेही.

दिवाळीच्या सुट्टीत तो सानगडीला आला. लवकर पिकणारे हलके धान निघाले होते, बाजार भरला होता. तुलारामांच्या अंगठ्याला विळा लागून पट्टी बांधलेली होती. चार लोकांत ते मुलाला म्हणाले, "ये, बस. आज पायली तू धर." आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "पोरगं सायन्स शिकते भंडाऱ्याले."

गोपीचंदने दोन-तीन जणांचे धान मोजले. तुलारामांनी त्या वेळी लाभ स्वतःच म्हटले, मुलगा पुढचे आकडे म्हणत गेला. मग रंभाबाई आली. नवरा नसलेली बाई, लोकांच्या धानाची कापणी करायची, मजुरीत धानच घ्यायची. ते एका गोणीत भरून डोक्यावर आणले होते. मुलगी बाळंत होऊन घरी येणार होती, तिच्यासाठी चादर घ्यायची होती. वाटेत ती दुकानात चादरीचा भावही विचारून आली होती.

तुलाराम बिडी पेटवत होते. गोपीचंदने पायली भरली, सपाट केली, ओतली. लाभ म्हणायची वेळ आली आणि शब्द ओठाशी अडला. मागे भैय्यालाल उभा असल्यासारखे त्याला वाटले. तोंडातल्या तोंडात तो काहीतरी पुटपुटला. दुसरी पायली ओतताना मोठ्याने म्हणाला, "एक." मग दोन, तीन. गोणी रिकामी झाली तेव्हा तो म्हणाला, "सात."

"आठ होते, बाबू," रंभाबाई म्हणाली.

व्यापाऱ्याचा हमाल हसला. "सात म्हनून राहिले ना."

"घरून मोजून आनले मी. शेजारनीच्या पायलीनं. आठ."

"शेजारनीच्या पायलीले पोचा पडला असन!" हमाल म्हणाला आणि आसपासचे लोक हसले.

गोपीचंदला आता कळले होते. कॉलेजात लंबक मोजायला शून्य लागते, कारण तिथे सुरुवातीला काही झालेले नसते. इथे पायली ओतली म्हणजे एक पायली झालीच. शून्य म्हणून त्याने रंभाबाईची एक अख्खी पायली गिळली होती. पण धान ढिगात मिसळून गेले होते. परत मोजता येण्यासारखे काही उरले नव्हते. आता फक्त तोंडाने सांगायचे राहिले होते, आणि सांगायचे म्हणजे सगळ्या बाजारापुढे म्हणायचे की मापाऱ्याच्या मुलाला, सायन्स शिकणाऱ्या मुलाला, आठ पायल्या मोजता आल्या नाहीत.

तुलारामांनी त्याच्याकडे पाहिले. "बरोबर मोजलं ना?"

"हो, बाबा."

तुलाराम जरा वेळ बिडी धरून बसले. मग रंभाबाईला म्हणाले, "बाई, पोराचं माप चुकत नाही."

रंभाबाईने आणखी वाद घातला नाही. सात पायल्यांचे पैसे तिने पदराला बांधले. चादरीला ते पुरले नाहीत. एक टॉवेल घेऊन ती घरी गेली.

खेड्यात असल्या गोष्टीला पाय फुटतात. कोणी काही वाढवून सांगितले की लोक म्हणू लागले, "हे पाहा, रंभाबाईची आठवी पायली!" लग्नात जेवणाच्या पंगतीत, पत्ते खेळताना, ग्रामपंचायतीत. पुढच्या वर्षी रंभाबाईने बाजारात धान आणणे सोडले. घरीच कोणालातरी कमी भावात देऊन टाकायची. आणि तुलारामांनीही त्या दिवाळीनंतर माप सोडले. गुडघे धरतात, खाली बसवत नाही, असे त्यांनी सांगितले. गोपीचंदने ते खरे धरले. खरे धरणे सोयीचे होते.

तो पुढे शिकला. परीक्षेत त्याला लंबकच आला आणि पैकीच्या पैकी गुण मिळाले. १९७९ मध्ये साकोलीच्या एका ज्युनियर कॉलेजात तो भौतिकशास्त्राचा मास्तर झाला. दर वर्षी लंबकाच्या तासाला तो मुलांना ठवरे सरांच्याच शब्दांत दोन तऱ्हेच्या चुका सांगे. दुसरी चूक सांगताना फळ्याकडे तोंड करून सांगे.

१९८३ च्या मे महिन्यात तुलाराम अंथरुणाला खिळले. एका दुपारी गोपीचंद पंख्याने वारा घालत बसला होता. तुलाराम म्हणाले, "त्या दिवशी तू लाभ म्हटलंच नाही."

गोपीचंदचा हात थांबला.

"मी बिडी पेटवून राहिलो होतो, पन कान उघडे होते. तीस वर्सं मोजलं. एक सबूद कमी पडला तं मले समजत नाही का?"

"मंग बोलले काहून नाही, बाबा?"

"तू बोलशीन म्हनून थांबलो. तू हो म्हटलं. मंग मी बी तुह्याकडूनच बोललो. मापाऱ्यानं कोनाकडून बोलू नाही. त्या दिवशी मी बाप झालो, मापारी राह्यलो नाही. मंग पायली कोन्या तोंडानं धरू?"

"मले वाटलं, गुडघे."

"गुडघ्याले काय धाड भरली होती?" तुलाराम म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दुसऱ्या दिवशी गेलो होतो मी रंभाकडे. पायलीभर धान घेऊन. रंभा म्हने, भाऊ, तुमचं देनं नाही. ज्यानं मोजलं त्यानं आनावं आन् त्यानं सांगावं. वारा घाल, बंद काहून केला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोपीचंदने घरच्या कणगीतून पायलीभर धान काढले. मोजताना लाभ म्हणाला. पिशवीत बांधून रंभाबाईच्या घरी गेला. वाटेभर तो वाक्य घोकत होता: मावशी, चूक माही होती, मी शून्यापासून मोजलं.

रंभाबाई ओसरीवर बिड्या वळत बसली होती. केस पांढरे झाले होते. सोबत शेजारच्या सुलोचनाबाई आणि कुंताबाई होत्या. मास्तर आलेले पाहून त्यांनी तेंदूपानांची सुपे बाजूला ओढली.

"या सर, बसा," सुलोचनाबाई म्हणाल्या. पिशवी दिसली तशी कुंताबाईने कोपर मारून हळूच म्हटले, "कावं रंभे, आठवी पायली आली वाटते!" आणि दोघी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. त्यांना काही ठाऊक नव्हते. ती गावची नेहमीची थट्टा होती.

रंभाबाई हसली नाही. तिने हातातली बिडी खाली ठेवली आणि गोपीचंदकडे पाहत राहिली. ती थांबली होती. नऊ वर्षे थांबल्यासारखी थांबली होती.

गोपीचंद म्हणाला, "बाबांनी पाठवलं, मावशी."

रंभाबाईने पुन्हा बिडी उचलली. "तुलारामभाऊकडं माही काई बाकी नाही, बाबू. ते धान घरी ने." मग माहेरी आलेल्या मुलीला आत हाक मारून तिने चहा ठेवायला सांगितला. गोपीचंदने चहा घेतला. कपबशी नवी होती, पाहुण्यांसाठी ठेवलेली. पिशवी घेऊन तो परत आला. घरी तुलारामांनी पिशवीकडे पाहिले. जूनमध्ये ते गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी साकोलीत स्टाफरूममध्ये पगारवाढीच्या थकबाकीवरून बोलणे चालले होते. सानगडीकडचेच एक गृहस्थ म्हणाले, "हे तर आमच्या गावच्या रंभाबाईच्या आठव्या पायलीसारखं झालं!" इतरांनी अर्थ विचारला. त्यांनी रंगवून सांगितला: एक बाई होती, सात पायल्या आणायची आणि आठ सांगायची. सगळे हसले. गोपीचंदही हसला. हसून झाल्यावर घंटा वाजली, तो प्रयोगशाळेत गेला, गोळी बाजूला नेऊन सोडली आणि मुलांना म्हणाला, "शून्य."

रंभाबाई १९८८ मध्ये करडीला मुलीकडे राहायला गेली. साकोलीहून करडीला जायला भंडाऱ्यात एस.टी. बदलावी लागते. गोपीचंद कापगते दर महिन्याला काही ना काही कामाने भंडाऱ्यापर्यंत जातो.

रंभाबाईचे एक पायली धान त्याच्याकडे अजून देणे आहे.